तालमीतले उंदीर

पिंजऱ्यातले उंदीर गरगर फिरायला लागले तेव्हा डॉ. शलाका नाडगौडानं सगळ्यात आधी पंख्याला शिव्या घातल्या. वीज गेली होती, पंखा बंद होता. डोक्यावरचा पत्रा तापला होता, टेबलावरची औषधाची बाटली हाताला कोमट लागत होती आणि पिंजऱ्यातले निम्म्याहून जास्त उंदीर स्वतःच्याच शेपटीमागं लागल्यासारखे वर्तुळात पळत होते. थांबायचे, कलंडायचे, उठायचे, पुन्हा फिरायचे. एकाला पाण्याच्या नळीशी जायचं होतं, पण दर वेळी तो भलतीकडेच पोचत होता.

उंदीर असा फिरायला लागला की समजावं, त्याचा आतला कान गेला. ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं काम कानात शेजारीशेजारीच चालतं. एकाचं बिघडलं की दुसऱ्याचंही काही खरं नसतं. शलाकाला हे पाठ होतं. तिनं आपल्या वरिष्ठांना, प्रा. उपळेकरांना, फोन लावला.

“सर, उंदीर फिरतायत.”

“कुठले?”

“तालमीतले.”

“मग फिरू देत की,” उपळेकर हसले. “या उन्हात त्या गोठ्यात मला कोंडलं तर मीपण फिरेन. पत्रा तापलाय, लाइट नाही, औषध रोज सकाळपासनं टेबलावर पडलेलं. ह्याला काय प्रयोग म्हणायचं? उंदीर बदल, ताजं औषध कर आणि परत घे. आणि शलाका, जरा पाणी पी.”

शलाका पाणी प्यायली. उंदीर बदलले. वीज आल्यावर ताजं औषध केलं आणि या खेपेला एकही उंदीर फिरला नाही. झाली तालीम, असं म्हणून तिनं दार ओढून घेतलं.

ही तालीम म्हणजे काय ते कळायला आधी साक्षी म्हणजे काय ते कळायला हवं.

मध्यंतरी खोट्या शोधनिबंधांचा एवढा सुळसुळाट झाला होता की डॉक्टर लोक छापील कागदावर विश्वास ठेवेनासे झाले. कुणी आकडे मनानं लिहायचं, कुणी एकच चित्र उलटंसुलटं करून चार निबंधांत खपवायचं. त्यावर उतारा म्हणून औषधांवर काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत साक्षी बसवली गेली. साक्षी म्हणजे अख्खी एक खोलीच. भिंतींत कॅमेरे, तराजूत आणि नळ्यांत संवेदक, पिंजऱ्याच्या तळाला उंदराचं प्रत्येक पाऊल टिपणारी जाळी. आत हवा बारा महिने सारखीच गार. त्या खोलीत जे घडेल ते साक्षी बघणार, मोजणार आणि तत्क्षणी अशा ठिकाणी नोंदवणार की खुद्द संचालकालाही त्यातला एक आकडा खोडता येऊ नये. निबंध तिच्या नोंदीवरूनच तयार व्हायचा आणि त्यावर हिरवा शिक्का उमटायचा. तो शिक्का बघितला की डॉक्टर डोळे मिटून औषध द्यायचे. साक्षी कधीच खोटं बोलली नाही. पुढं जे झालं त्यात तिचा काडीचाही दोष नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

दोष आमच्या अकलेचा. वरच्या कुठल्याशा समितीत एका सुपीक डोक्यातून निघालं की एवढी नोंद आयती मिळतेच आहे, तर प्रत्येक शास्त्रज्ञाचे किती प्रयोग जमले आणि किती फसले याचाही अंक काढावा. त्याचं नाव ठेवलं विश्वासांक. फसलेला प्रयोग हेही विज्ञानच असतं, असं सगळे भाषणात म्हणायचे. अंक मात्र घसरायचाच. आणि नोकरी कायम करायची, निधी द्यायचा, परदेशी पाठवायचं, सगळं त्या अंकावर.

मग माणसांनी माणसांसारखंच केलं. कोल्हापूरबाहेरच्या माळावरची ही संस्था पूर्वी शेतीफार्म होती. तिचा जुना गोठा मागं रिकामा पडून होता. तिथं साक्षी नव्हती. आधी तिथं प्रयोग करून बघायचा. जमला तर साक्षीपुढं जायचं, नाही जमला तर तो केलाच नाही. कोल्हापूरच्या पोरांनी गोठ्याला तालीम आणि साक्षीच्या खोलीला आखाडा अशी नावं ठेवली. दारावर कुणीतरी खडूनं लिहिलंही होतं: ‘तालमीत माती खा, आखाड्यात पाठ टेकू नका.’ नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं, तालमीतलं तालमीत. लिहायचं नाही, बोलायचं नाही. आणि गंमत अशी की काही वर्षांत त्यांना ते लपवल्यासारखंही वाटेना. जे साक्षीनं बघितलं नाही ते घडलंच नाही, अशी मनाला सवय लागली. गोठ्यात काही बिघडलं तर तो गोठ्याचा दोष. पत्र्याचा, पंख्याचा, विजेचा.

शलाकाचं औषध आखाड्यात उतरलं आणि जिंकलं. नाव सह्यामायसिन. डोंगरमाथ्याच्या सड्यावरच्या तांबड्या मातीतल्या जंतूपासून काढलेलं. इतर सगळ्या औषधांना पुरून उरणारे, हाडात घर करणारे हट्टी जंतू त्यानं मरायचे. साक्षीच्या गार खोलीत एकही उंदीर फिरला नाही. पुढं माणसांवरच्या चाचण्या मोठ्या शहरातल्या वातानुकूलित रुग्णालयांत झाल्या, त्याही निर्वेध पार पडल्या. औषध बाजारात आलं. शलाकाचा विश्वासांक संस्थेत सगळ्यांत वर गेला. नोकरी मात्र अजून कंत्राटीच होती. दर वर्षी मार्च आला की ती नव्या कंत्राटाच्या पत्राची वाट बघत बसायची. नवरा हैदराबादेत. तो म्हणायचा, “तू एकदाची कायम हो, मग मी इकडचं गुंडाळून येतो.” हे एकदाचं होणं वर्षानुवर्षं चाललं होतं. आता पुढच्या निवड समितीत तिचं नाव पहिलं आहे, असं उपळेकरांनी स्वतः सांगितलं होतं.

एप्रिलात मिरजेहून यास्मिनचा फोन आला. डॉ. यास्मिन शिकलगार ही शलाकाची अकरावीपासूनची मैत्रीण. मिरजेत एका लहान रुग्णालयात डॉक्टर.

“शलाका, भाईजानचा पाय मोडलाय. महिना झाला. ऑपरेशन झालं आणि हाडात इन्फेक्शन शिरलं. कशालाच दाद देत नाही. पाय काढायची भाषा चाललीय.”

“अगं मग सह्यामायसिन दे की!”

“तेच विचारायला फोन केला. तुझा निबंध वाचला मी. हिरवा शिक्का आहे, पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.”

“बिनधास्त दे.”

त्या क्षणी तिला ते उंदीर आठवले नाहीत. आठवून तिनं ते दडपले असते तर ती निदान खोटारडी तरी ठरली असती. तिला ते आठवलेच नाहीत.

यास्मिनचा हा भाईजान, मुबारकभाई शिकलगार, सतारी आणि तंबोरे करायचा. बाप करायचा, आजा करायचा. शलाका कॉलेजात असताना सुट्टीत त्यांच्या घरी राहायची आणि दुकानातला एखादा तंबोरा मांडीवर घेऊन उगाच छेडत बसायची. तेव्हा मुबारकभाई आतून, जेवणाच्या ताटावरनं ओरडायचा, “शलाकाबाई, पंचम उतरलाय! माझा घास अडकला की!” तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरची जवारी घासताना तो श्वाससुद्धा हळू घ्यायचा. तार बोलायला लागली की त्याच्या भुवया वर जायच्या. त्याचं सगळं पोट, सगळी अब्रू त्या दोन कानांवर होती.

पंधरवड्यानंतर यास्मिनचा पुन्हा फोन आला. पाय वाचला होता. ती रडत होती.

शलाका मिरजेला पोचली ती भर दुपारी. मुबारकभाई खाटेवर बसला होता, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून. सोडल्या तर खोली फिरायची.

“शलाकाबाई!” तो केवढ्यानं तरी ओरडला. आपला आवाज आता त्यालाच कळत नव्हता. “कधी आलीस? बस की! पाय बघ, पाय! आहे जाग्यावर! हे कानांचं काय झालंय कुणास ठाऊक. पाणी गेलंय बहुतेक. होईल कमी.”

यास्मिननं मान फिरवली. होणार नव्हतं कमी. ज्या पेशींनी ऐकायचं त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, हे दोघींना ठाऊक होतं.

शलाकाला त्याच्याकडं बघवेना. तिनं शेजारच्या खाटेकडं बघितलं. तिथं एक म्हातारी झोपली होती आणि तिच्या उशाशी सलाईनच्या खांबाला सह्यामायसिनची पिशवी लटकत होती. हे औषध भराभर देता येत नाही. दुपारभर थेंबथेंब सोडावं लागतं. खिडकी पश्चिमेची. ऊन तिरपं होऊन थेट पिशवीवर आलं होतं. शलाकानं उठून पिशवीला हात लावला.

कोमट होती. गोठ्यातल्या बाटलीसारखी.

तिला सगळं एकदम दिसलं. पत्रा, बंद पंखा, सकाळपासून पडून राहिलेलं औषध, ते फिरणारे उंदीर. तासन्‌तास ऊब लागली की सह्यामायसिनच्या रेणूतला एक कोपरा तुटत असणार आणि उरलेला तुकडा कानातल्या पेशींत शिरत असणार. दोष पंख्याचा नव्हता. तो गोठाच खरा प्रयोग होता आणि आखाडा नुसताच देखावा.

“यास्मिन, आधी ती पिशवी काढ.”

“का?”

“काढ म्हणते ना!”

यास्मिननं नळी बंद केली, पिशवी उतरवली आणि तिच्याकडं बघत राहिली. “काय झालं? तुला काही माहितीय का?”

आता बोलायची वेळ होती. मुबारकभाई दोघींच्या ओठांकडं बघत होता, काय चाललंय ते कळत नसल्यासारखा ओशाळं हसत होता.

“माहिती असं नाही,” शलाका म्हणाली. “शंका आली. पिशवी गरम लागतेय. करून बघायला हवं.”

“बघ गं बाई, लवकर बघ,” यास्मिननं तिचा हात धरला. “तुला निदान शंका तरी आली. इथं मी रोज ह्या पिशव्या लावतेय.”

दुसऱ्या दिवशी शलाका उपळेकरांच्या खोलीत गेली आणि खुर्चीवर न बसताच तिनं सगळं सांगितलं. उपळेकर गूळ-शेंगदाणे खात होते. वाटी त्यांनी बाजूला सरकवली. हा माणूस दुष्ट नव्हता. पोरांच्या फिया भरायचा, लग्नात आहेर करायचा. दुष्ट असता तर काम सोपं झालं असतं.

“आखाड्यात करून दाखव,” ते म्हणाले. “औषध तापव, उंदरांना दे. आजच कर. सगळ्या रुग्णालयांना इशारा जायला पाहिजे. त्यात दुमत नाही.”

“आणि तालमीत आपण बघितलं होतं, ते?”

“काय बघितलं होतं?”

“सर!”

“अगं, उष्णतेमुळं होतं हे तुला तेव्हा कळलं होतं का? काल कळलं. मग काल कळलं म्हण. ह्यात खोटं काय?”

“उंदीर फिरताना मी बघितले. तुम्हाला फोन केला. आपण तेव्हाच शोधलं असतं तर…”

“असतं तर!” उपळेकरांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “बस आधी. तू सांगितलंस, तालीम आहे, की काय होईल? उद्या सगळे म्हणतील, ह्यांचे सगळे शिक्के पोकळ. पन्नासेक पोरांच्या पदव्या जातील. सह्यामायसिन बंद पडेल, मग ज्यांचे पाय, ज्यांचे जीव त्यावर अवलंबून आहेत त्यांनी काय करायचं? आणि असली तालीम एकट्या आपल्याकडं आहे होय? साऱ्या देशात आहे. तुझ्या एकटीच्या मनाला शांती मिळावी म्हणून किती लोकांना खड्ड्यात घालणार?”

शलाका बसली. खरं सांगायचं तर तिला कुणीतरी हे म्हणायला हवंच होतं.

तिनं साक्षीपुढं प्रयोग केला. औषध उबेत ठेवलं, मग उंदरांना दिलं. काही दिवसांत उंदीर फिरू लागले. पायाखालच्या जाळीनं त्यांची वर्तुळं टिपली, साक्षीनं निबंध लिहिला आणि त्यावर हिरवा शिक्का उमटला. आठवड्याभरात देशभर इशारा गेला: सह्यामायसिनची पिशवी बर्फाच्या वेष्टणातच टांगावी. पुढं कुणाचे कान गेले नाहीत. हे शलाकाच्या पदरात टाकायलाच हवं. वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला, ‘स्वतःच्याच औषधातला दोष शोधणारी शास्त्रज्ञ’. निवड समितीनं तिला एकमतानं कायम केलं. हैदराबादेतून नवऱ्यानं राजीनामा दिला.

आणि मिरजेत यास्मिनला चौकशीची नोटीस आली.

झालं ते अगदी सरळ होतं. बाटलीवर पहिल्यापासून छापलेलं होतं, ‘थंड जागी ठेवावे’. निम्म्या औषधांवर ते असतंच. फ्रिजमधून काढलेली पिशवी दुपारभर टांगल्यावर ती थंड जागी राहिली की नाही, असा प्रश्न कुठल्याही रुग्णालयात कुणालाच पडला नव्हता. पण आता शलाकाच्या नव्या निबंधानं सिद्ध झालं होतं की औषध निर्दोष आहे, दोष उन्हाचा आहे. मग उन्हात टांगलं कुणी? यास्मिनच्या वॉर्डात बहिरी झालेली आणखी माणसं होती. त्यांच्या घरच्यांनी तक्रार केली. त्यांचंही काही चुकलं नाही.

“तू येशील ना साक्षीला?” यास्मिननं फोनवर विचारलं. “ते मला म्हणतात, लेबल वाचलं नाहीस. तू एवढंच सांग की लेबलवरनं हे कळणं शक्य नव्हतं. तू सांगितलंस तर ऐकतील. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?”

“येते,” शलाका म्हणाली. आणि ती जाणारच होती. सगळं सांगायचं, असं ठरवूनच ती बसमध्ये बसली. तालीम, गोठा, उंदीर, फोन. तिनं वाक्यंसुद्धा जुळवली होती.

चौकशी मंडळाची बैठक सांगलीत एका सभागृहात होती. भिंतीवर छोटी साक्षी बसवलेली. जबाब तीच नोंदवायची. पुढच्या रांगेत यास्मिन, तिच्या शेजारी काठी धरून मुबारकभाई. मागच्या रांगेत त्या म्हातारीचा मुलगा आणि आणखी काही घरची माणसं. उपळेकर आलेच नव्हते. येण्याचं कारणच नव्हतं.

शलाकानं लेबलबद्दल सांगितलं. ते अपुरं होतं, डॉक्टरला त्यावरून अंदाज येणं कठीण, असं ती म्हणाली. अध्यक्ष एक वयस्कर सर्जन होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“डॉ. नाडगौडा, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला आदर आहे. म्हणून एकच प्रश्न विचारतो आणि त्यावर हे प्रकरण मिटेल. औषध उबेत बिघडलं की कान जातात, याची काही चिन्हं तुमच्या संस्थेनं औषध बाजारात येण्याआधी बघितली होती का? बघितली असतील तर दोष संस्थेचा, डॉक्टरांना आम्ही सोडतो. बघितली नसतील तर छापील सूचना न पाळणाऱ्या डॉक्टरांना जबाबदार धरण्यावाचून आमच्यापुढं इलाज नाही.”

यास्मिन तिच्याकडं शांतपणे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आशासुद्धा नव्हती. शलाकाला हे आधी माहीत असणं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

शलाकानं तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांपुढं गोठा आला, त्याच्या पाठोपाठ उपळेकर, ती पन्नासेक पोरं, हैदराबादहून निघालेला सामानाचा ट्रक. मग तिची नजर भिंतीवरच्या साक्षीच्या दिव्याकडं गेली आणि तिला जुनी सवय आठवली. फार सोपी सवय होती ती.

“नाही,” ती म्हणाली. “साक्षीत तशी कुठलीही नोंद नाही.”

ती धडधडीत खोटं बोलली. साक्षीनं ते जसंच्या तसं टिपलं आणि हिरवा दिवा लागला.

अध्यक्षांनी मान हलवली. परवाना रद्द करण्याची शिफारस त्यांनी हलक्या आवाजात वाचून दाखवली. यास्मिन खाली बघत राहिली. मुबारकभाईला कुणाचंच काही ऐकू आलं नव्हतं. एकेकाळी आतल्या खोलीतून उतरलेला पंचम पकडणारा माणूस तो. त्यानं बहिणीच्या दंडाला हात लावला आणि सगळं सभागृह वळून बघेल एवढ्यानं विचारलं, “काय म्हणाली गं आपली शलाका?”

यास्मिननं डोळे पुसले. मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्याच्यापुढं धरलं. शलाकाला बसल्या जागेवरून ते वाचता आलं.

‘जे खरं होतं तेच सांगितलं तिनं. तिला बोल लावू नकोस.’

मुबारकभाईनं सावकाश वाचलं. मग काठीवर भार देत उठला, तोल गेला, यास्मिननं सावरलं. शलाकाकडं बघून त्यानं हात छातीवर ठेवला.

“बरं केलंस बाई!” तो ओरडला. “खोटं कशाला बोलायचं आमच्यापायी!”